‘जैत रे जैत’ : पुस्तकातले आणि पडद्यावरचे



युनियनच्या माणसाला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो मजुरीचे दर, हजेरीपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधी यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती रास्तही आहे. पण या वर्षी चालकांनी मला सांगितले की, भाऊ, मागण्यांचे भाषण तुम्ही वर्षभर करताच, या खेपेस एखाद्या पुस्तकाविषयी बोला. मला ही सूचना मनापासून आवडली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर, कायद्याच्या जुन्या प्रतींवर आणि चार समजूतदार माणसांच्या संगतीत झाले. ज्या पुस्तकांनी मला शिकवले त्यांतल्या एका लहानशा कादंबरीविषयी आणि तिच्यावर निघालेल्या चित्रपटाविषयी आज मी बोलणार आहे. कादंबरीचे नाव ‘जैत रे जैत’. लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा.

‘आपले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. गोनीदा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री, किल्ले आणि तळेगाव दाभाडे येते. पण त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला झाला. येथून हरिसाल, सेमाडोह करीत घाट उतरला की जे गाव लागते, जेथे आपण दवाखान्यासाठी, बाजारासाठी आणि कोर्टकचेरीसाठी जातो, ते परतवाडा. लहान वयातच ते शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत निघून गेले. पुढे काही काळ आपल्याच जिल्ह्यातल्या गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले. नर्मदेच्या काठाने हिंडले. पूर्णाकाठच्या माणसांवर त्यांनी ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी लिहिली, ती आपल्या वऱ्हाडी बोलीत. भाक्रा-नानगल धरणाच्या उभारणीवर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहिली. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली अकोल्यास भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ साली ते गेले. शाळेने नव्हे, तर पायांनी शिकवलेला हा माणूस होता. माझ्यासारख्याला त्यांच्याविषयी जवळीक वाटते ती एवढ्याचसाठी.

आता कथानक सांगतो. सगळे सांगणार नाही, कारण तुम्ही ते वाचावे हाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

मुंबईहून गोव्याकडे जाताना पनवेल सोडले की कर्नाळ्याचा किल्ला लागतो. त्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दुरूनही दिसतो. त्या डोंगराच्या परिसरातल्या ठाकरांची ही गोष्ट आहे. ठाकर ही कोकणातली आणि घाटमाथ्यावरची आदिवासी जमात. नाग्या हा वाडीतल्या भगताचा मुलगा. बाप ढोल वाजवणारा, देवाचे करणारा. तो मुलाला ढोल शिकवतो आणि ढोलाबरोबरच एक विचारही देतो. माणसाने नीट वागावे, खोटे बोलू नये, पाप करू नये, म्हणजे तो पुण्यवंत होतो आणि पुण्यवंताला देव दिसतो. पोरगा हे मनावर घेतो. आपण पुण्यवंत व्हायचे, एवढाच ध्यास त्याला लागतो. लिंगोबाच्या डोंगरावर मोठमोठी मोहोळे लटकलेली आहेत. ती देवाची. त्यांच्यातली राणीमाशी म्हणजे साक्षात देवी. वाडीतला कोणी त्यांना हात लावत नाही.

आणि एके दिवशी त्याच माश्या नाग्यावर तुटून पडतात. त्याचा एक डोळा जातो.

येथून कादंबरी खरी सुरू होते. नाग्याला डोळा गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख निराळे आहे. मी तर नीट वागलो होतो. मी कोणाचे वाईट केले नव्हते. मग माझाच डोळा का? हा त्याचा प्रश्न आहे. वाडी त्याला जुनेच उत्तर देते, की काहीतरी चुकले असेल, देव उगाच कोपत नाही. नाग्या ते उत्तर घेत नाही. तो ठरवतो की लिंगोबाचा तो डोंगर चढायचा आणि त्या राणीमाशीचा सूड घ्यायचा. देवाच्या डोंगरावर देवाच्या माश्यांशी भांडण! अख्ख्या वाडीत त्याच्या पाठीशी उभी राहते ती एक बाई, चिंधी.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मी कादंबरीत वाचण्यापूर्वी येथे, याच तालुक्यात ऐकला होता. पंचवीसेक वर्षे झाली असतील. मधाच्या हंगामात एक गडी उंच झाडावरून खाली पडला. कंबर गेली. त्याला आगाऊ पैसे देऊन मध आणायला लावणारा एक व्यापारी होता. मी त्याचे नाव घेत नाही, कारण आज मुद्दा त्याच्या नावाचा नाही. आम्ही त्याच्याकडे गेलो. नोकराला कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा या देशात १९२३ सालापासून आहे. व्यापारी म्हणाला, “तो माझा नोकर नाही. मी फक्त माल विकत घेतो.” आणि पुढे शांतपणे म्हणाला, “देवाच्या झाडावर चढला, देव कोपला. त्याला मी काय करणार?” पडलेल्याच्या घरी गेलो, तर तेथेही म्हाताऱ्या तेच म्हणत होत्या. फरक एवढाच, की म्हाताऱ्या ते रडत म्हणत होत्या आणि व्यापाऱ्याला ते उत्तर फुकटात पडत होते. चार वेळा दारात बसलो, तेव्हा औषधपाण्यापुरते पैसे सुटले. पण तो गडी खाटेवर पडल्या पडल्या मला एकच विचारत होता, “भाऊ, म्या कोनाचं काय वाईट केलं व्हतं?”

पुढे केव्हातरी ‘जैत रे जैत’ हाती आली आणि नाग्याच्या तोंडी तोच प्रश्न भेटला. तेव्हा मला कळले की ही केवळ ठाकरांची गोष्ट नाही. जेथे जेथे कष्टकऱ्याच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा दोष त्याच्याच कपाळी मारला जातो, तेथे तेथे हा नाग्या आहे. मूल उपासमारीने दगावले तर आईचे नशीब. भिंत पडून मजूर मेला तर त्याची वेळ आली होती. आपल्या मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ पासून देशभर गाजल्या. त्या वेळी किती सुशिक्षितांनी ‘हे लोक असेच’ म्हणून हात झटकले होते, ते आठवून पाहा. नशीब म्हणणारा अडाणी आणि ‘हे लोक असेच’ म्हणणारा शहाणा, या दोघांचे उत्तर एकच असते. नाग्या त्या उत्तराला नाही म्हणतो. माणसाच्या इतिहासात ज्या काही सुधारणा झाल्या, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे ‘नाही’ आहे.

आता चिंधीविषयी. ही बाई लग्न झालेली. नवरा कुचकामी. तिला तो नको आहे आणि ते ती लपवीत नाही. मनातले ओठांवर आणायला ती भीत नाही, आणि नाग्या तिला आवडतो हेही ती उघड सांगते. आपल्याकडच्या पांढरपेशा कादंबऱ्यांत अशी बाई दोनशे पाने अश्रू ढाळते. चिंधी नवरा सोडते. आदिवासी समाजात बाईला अशी मोकळीक आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण त्या मोकळिकीलाही दाम असतो. लग्नात मुलीच्या बापाला देज मिळालेले असते आणि काडीमोड झाली की बहुधा ते परत करण्याची वेळ येते. ज्याच्याजवळ ते नसते त्याच्या मुलीची मोकळीक कागदावरच राहते. कोरकूंतही हा व्यवहार आहे. येथे बसलेल्या कितीतरी जणांनी पंचांपुढचे असे हिशेब ऐकले असतील. तेव्हा चिंधीचे धाडस हे नुसते प्रीतीचे धाडस नाही, ते गरिबीतले धाडस आहे. तिला आपण वाचताना ‘रानातली अल्लड पोर’ म्हणून वाचू नये. ती पुरती शहाणी बाई आहे.

कादंबरीचा आणखी एक गुण म्हणजे तिची भाषा. गोनीदांनी ठाकरांना पुण्याच्या सदाशिव पेठेतले मराठी बोलायला लावले नाही. माणसे आपल्या बोलीत बोलतात. सुरुवातीस चार पाने अडखळायला होते. त्यावर माझा एक साधा उपाय आहे : मोठ्याने वाचा. मी स्वतः बहुतेक पुस्तके मोठ्यानेच वाचीत आलो आहे. ज्याला घरी कोणी पुस्तक वाचून दाखवले नाही, त्याने आपण आपल्याला वाचून दाखवावे. डोळ्याला जे शब्द अडतात ते कानाला अडत नाहीत. पाचव्या पानापासून ठाकर तुमच्याशी बोलू लागतील. आणि पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळींत संपते. दिवसभर राबणाऱ्याला हाही एक मोठा गुण वाटतो.

आता चित्रपटाकडे वळतो.

‘जैत रे जैत’ चित्रपट १९७७ साली आला. निर्मिती उषा मंगेशकर यांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. नाग्या झाले डॉ. मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. निळू फुले, सुलभा देशपांडे हीही जाणती मंडळी त्यात आहेत. गाणी ना. धों. महानोरांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गंमत पाहा, दिग्दर्शक मुलांचा डॉक्टर, नायक मनोविकारांचा डॉक्टर, गीतकार अजिंठ्याच्या बाजूच्या पळसखेड्याचा शेतकरी. ठाकरवाडीची गोष्ट सांगायला ही सगळी मंडळी आपापली कामे बाजूला ठेवून जमली. मी हा चित्रपट निघाल्यावर पुष्कळ वर्षांनी पाहिला, तोही लहान पडद्यावर. पण लहान पडद्यावरही त्यातला डोंगर लहान झाला नाही.

कादंबरीचा चित्रपट करताना दिग्दर्शकापुढे अडचण अशी असते की पुस्तकातला माणूस मनात बोलतो आणि कॅमेऱ्याला मन दिसत नाही. नाग्याची निम्मी कथा त्याच्या मनात घडते. पुण्यवंत होण्याचा ध्यास, डोळा गेल्यावरची जळफळ, देवाशी चाललेले भांडण, हे सारे पडद्यावर कसे दाखवायचे? येथे जब्बार पटेलांनी एक युक्ती केली, आणि ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी गोष्ट सांगण्यासाठी गाणाऱ्यांचा एक मेळा उभा केला. सूत्रधारासारखी ही मंडळी नाग्याची कहाणी गाऊन सांगतात, मध्येच थांबतात, पुन्हा कथेत शिरतात. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक आले होते. तेही जब्बार पटेलांनीच बसवलेले, आणि त्यातले नाना फडणवीस हेच मोहन आगाशे. त्या नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची एक रांगच रंगमंचावर भिंतीसारखी उभी राहत असे. मला वाटते की नाटकातली ती रांगच येथे डोंगरात आली आहे. पण तेथे ती रांग सत्तेचे पाप झाकीत होती, येथे ती एका गरिबाची व्यथा उघडी करते.

हे योग्य का झाले ते सांगतो. आदिवासींची गोष्ट मुळात छापील नसतेच. ती रात्री शेकोटीभोवती, ढोलाच्या ठेक्यावर, दहा जणांनी मिळून सांगायची असते. फाल्गुनात होळीनंतर आपल्याकडे कोरकूंचे नाच चालतात, तेव्हा गाणारा एक आणि ओढून धरणारे वीस असतात. गोनीदांनी ती गोष्ट कागदावर आणली, चित्रपटाने ती पुन्हा मेळ्याच्या गळ्यात नेऊन ठेवली. म्हणून ‘जैत रे जैत’मधली गाणी ही इतर चित्रपटांतल्यासारखी मध्ये घुसडलेली वाटत नाहीत. ती काढली तर चित्रपटच उरणार नाही.

चित्रपटाने दुसरे मोठे काम केले ते चिंधीचे. पुस्तक मुख्यतः नाग्याचे आहे. वाचताना आपण नाग्याच्या मागे मागे डोंगर चढतो आणि चिंधी त्याच्या बाजूने चालते. पडद्यावर स्मिता पाटील आली आणि तराजू फिरला. ती काही बोलत नसतानाही आपले लक्ष तिच्याकडे जाते. तिचे चालणे, बसणे, टक लावून पाहणे, यांत कामकरी बाईचा कणा दिसतो. नटी दिसत नाही. त्याच सुमारास ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ या हिंदी चित्रपटांतही तिने अशाच न वाकणाऱ्या बाया उभ्या केल्या. १९८६ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. पुस्तकातली चिंधी मनात भरते हे खरे, पण आता कोणीही ती वाचताना स्मिता पाटीलचाच चेहरा पाहणार. हा चित्रपटाचा विजय म्हणा की पुस्तकावरचे आक्रमण म्हणा, ते झाले आहे.

आता चित्रपटात काय हरवले?

पहिली गोष्ट नाग्याचे मन. मोहन आगाशे मोठे नट आहेत, पण पुस्तकात ‘पुण्यवंत’ हा शब्द जसा हळूहळू नाग्याच्या अंगात मुरतो आणि पुढे तोच शब्द त्याला सलू लागतो, ती संथ वाढ दोन तासांत मावत नाही. चित्रपट पाहणाऱ्याला नाग्याचा संताप कळतो. पुस्तक वाचणाऱ्याला त्याची फसवणूक झाल्याची भावना कळते. संताप आणि फसवणूक यांत फार अंतर आहे. संतापलेला माणूस उद्या शांत होतो. ज्याला आपण फसवले गेलो असे कळले, तो मात्र पूर्वीसारखा कधीच होत नाही. युनियनमध्ये मी दोन्ही प्रकारची माणसे पाहिली आहेत. संपाच्या पहिल्या दिवशी पहिला प्रकार पुढे असतो, विसाव्या दिवशी फक्त दुसरा उरतो.

दुसरी गोष्ट जरा चमत्कारिक आहे. चित्रपटाची गाणी इतकी गोड झाली की त्यांनी गोष्टच झाकून टाकली. मी आमच्या एका साथीदाराला हे पुस्तक वाच म्हणालो, तर तो म्हणतो, “काहून वाचू बाप्पा? गाने पाठ हायेत ना आमाले!” गाणी पाठ आहेत हे खरे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, वाद्यवृंदात, लग्नाच्या मांडवात ती वाजतात. डोक्याला पाने बांधून मुले त्यांवर नाचतात. ती पाहून टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की ही एका डोळा गमावलेल्या माणसाची कहाणी आहे? आदिवासींचे गाणे सर्वांना हवे असते, आदिवासीचा प्रश्न कोणालाच नको असतो. हा दोष चित्रपटाचा नव्हे, आपला आहे. पण पुस्तक या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे, कारण ते कोणाला मांडवात वाजवता येत नाही.

मी पुस्तकाची एवढी शिफारस करतो आहे, म्हणजे ते मला सर्वस्वी पटते असे नाही. दोन शंका मनात आहेत, त्या श्रोत्यांपुढे ठेवतो.

पहिली शंका मधमाशीची. नाग्या सूड घ्यायला निघतो तो राणीमाशीचा. पण ज्यांनी मोहोळ जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की राणीमाशी माणसावर धावून येत नाही. तिची नांगी दुसऱ्या राणीसाठी असते. माणसावर तुटून पडतात त्या कामकरी माश्या. आणि माणसाला डसलेली कामकरी माशी स्वतः मरते, कारण तिची नांगी कातडीत अडकून तुटते. म्हणजे नाग्याचा डोळा गेला तो राणीच्या रागाने नव्हे, मोहोळ राखण्यासाठी जीव देणाऱ्या कामकऱ्यांमुळे गेला. जंगलात राबणारा नाग्या आणि मोहोळात राबणारी माशी यांची ही लढाई. वरची राणी जागची हलत नाही! मी हे वाचताना हसलो आणि मग मला हसू येईना. आमच्या जन्मात हे कितीदा पाहिले! दोन गावांचे मजूर एका कामासाठी एकमेकांची डोकी फोडतात आणि ठेकेदार सावलीत बसून चहा पितो.

याला जोडून आणखी एक. आग्यामाशी पेटीत पाळता येत नाही. ती कड्याला नाहीतर उंच झाडाला एकच मोठे पोळे बांधते. पूर्वी मध काढायचा म्हणजे जाळ-धूर करून सगळे पोळे ओरबाडायचे, पिलावळीसकट पिळायचे. माश्या मरत, उरलेल्या निघून जात. आता मध काढण्याची निराळी रीत शिकवली जाते. अंगभर जाळीचा पोशाख घालायचा, पोळ्याचा मधाने भरलेला तेवढा भाग कापायचा आणि पिलावळीचा भाग तसाच राहू द्यायचा. माशी जगते आणि पुन्हा मध साठवते. मध स्वच्छ निघतो, भावही बरा येतो. तेव्हा मोहोळ नष्ट करण्यात आदिवासीचे जैत नाही, हे आज आपल्याला कळते. नाग्याला ते कळायला हवे होते असे मी म्हणत नाही. डोळा गेलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते. पण वाचकाने मात्र हा विचार करावा.

दुसरी शंका अशी, की नाग्या एकटा चढतो. वाडी खाली राहते, घाबरते, बघते. ‘जैत’ म्हणजे जय. शेवटी जैत होते का? होते. पण त्या जयाची किंमत कोण मोजते, हे मी सांगणार नाही, ते तुम्ही पुस्तकात वाचा. एवढेच म्हणतो, की एकट्याने घेतलेल्या सुडाचे बिल बहुधा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर फाटते. शेवटची पाने वाचून मी दिवा मालवला आणि बराच वेळ जागा होतो. गोनीदांनी शेवटी विजयाचा ढोल वाजवला आणि त्याच ढोलात रडणेही ऐकवले. मला वाटते, लेखकालाही हेच म्हणायचे असावे, की देवाला जाब विचारणे योग्य होते, पण एकट्याने डोंगर चढू नये. चित्रपटाचा शेवटही अंगावर काटा आणतो. पण तेथे संगीत आपल्याला सावरून धरते. पुस्तकात सावरायला कोणी नसते.

मित्रहो, आता येथल्या गोष्टीकडे येतो आणि आटोपते घेतो.

ठाकरांना गोनीदा भेटले. मेळघाटात कोण आले? वाघांवर पुष्कळ लिहिले गेले. १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हापासून वाघाचे फोटो काढायला देशोदेशीचे लोक येतात. कुपोषणावर अहवाल झाले, ते कपाटे भरतील इतके झाले. पण कोरकूच्या मनातला प्रश्न धरून बसणारी, नाग्यासारखी एखादी कथा? कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. तिची नाती संथाळी आणि मुंडारीशी आहेत. शेकडो कोसांवरच्या झारखंडाशी रक्ताचे नाते सांगणारी ही भाषा आपल्या धारणीच्या बाजारात दर आठवड्याला कानावर पडते. तीत गोष्टी नाहीत असे कोणी म्हणू नये. त्या लिहिलेल्या नाहीत, एवढेच.

आणि गोनीदा कितीही जवळचे झाले तरी ते बाहेरून आलेले होते. त्यांनी प्रेमाने पाहिले, बोली कानात साठवली, पायी हिंडले. पण पाहणाऱ्याचे डोळे आणि जगणाऱ्याचे डोळे निराळे असतात. १९७७ च्या चित्रपटातले नाव घेण्यासारखे नट, गायक, कवी, यांपैकी ठाकर कोणी नव्हते. त्या काळी ते तसे असणे साहजिक होते. आज ते साहजिक राहू नये. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्यात गौण वनोपजाची जी यादी आहे तिच्यात बांबू आहे, तेंदूपान आहे, आणि मध व मेणही आहे. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्याचा आहे, असे त्या कायद्याने म्हटले. लिंगोबाच्या डोंगरावरचा मध कोणाचा, या प्रश्नाचे सरकारी उत्तर अशा रीतीने मिळाले. ते अंमलात आणण्यासाठी आमच्यासारखे लोक भांडत राहतील. पण मधावर हक्क मिळाला म्हणजे पुरे झाले का? आपल्या गोष्टीवरही हक्क हवा. तो कोणत्याही कायद्याने मिळत नाही, तो लिहून मिळवावा लागतो.

येथे आश्रमशाळांतले शिक्षक बसले आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या पुस्तकाची एक प्रत शाळेत आणा. वरच्या वर्गातल्या मुलामुलींना आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाल्यावर त्यांना एवढेच विचारा, की तुमच्या गावात असा कोणी नाग्या होता का, अशी कोणी चिंधी होती का? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवायला सांगा. देवनागरीत कोरकू लिहिता येते. दहा मुलांपैकी एकाने जरी चार पाने नीट लिहिली, तरी माझे आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

आधी काय, पुस्तक की चित्रपट? मी म्हणेन, आधी पुस्तक. चित्रपट हल्ली खिशातल्या मोबाईलवरही दिसतो, तो कोठे पळून जात नाही. आधी नाग्या तुमच्या मनाने उभा करा, त्याला तुमच्या गावातल्या कोणाचा तरी चेहरा द्या. मग चित्रपट पाहा, आणि शक्य झाले तर एकट्याने न पाहता चार घरांनी मिळून पाहा, कारण तो मेळ्याने सांगितलेला आहे, मेळ्यानेच ऐकावा. दोन्ही झाल्यावर कोणते सरस ठरले यावर वाद घाला. वाद घालताना मला बोलवा. मी पुस्तकाच्या बाजूने बोलेन, पण चिंधीचा विषय निघाला की माझे मत डळमळेल, हे आधीच सांगून ठेवतो.

सध्या तेंदूचे दिवस आहेत. आपल्यातले अर्धे लोक पहाटे रानात जाऊन, सत्तर पानांचा पुडा याप्रमाणे पुडे बांधून, दिवसभराचे थकलेले येथे येऊन बसले आहेत.